कर्ण आणि बोहारीण

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या अंगात वर्षातून दोनदा कर्ण संचारतो. एकदा दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढल्यावर, आणि एकदा घर बदलताना टेम्पोवाल्याने भाडे सांगितल्यावर. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी अख्खी मंडई पालथी घालणारा हा गृहस्थ त्या दिवशी एकदम उदार होतो. 'हे कुणाला तरी देऊन टाका' हे वाक्य घरात सकाळपासून चाळीस वेळा ऐकू येते.

हा 'कुणाला तरी' कोण, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. तो एक अत्यंत सोशिक इसम असावा. कोपरावर विरलेला स्वेटर त्याला चालतो. झाकण हरवलेला कुकर चालतो. अंगठा तुटलेली चप्पल तर त्याला फारच आवडते. दहावीची जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे तो रात्र रात्र जागून वाचतो. त्याला आवड नाही, निवड नाही, अंगाचे मापसुद्धा नाही. अशा माणसाला द्यायला कोणाचा हात आखडेल?

मूळचा कर्ण जरा वेगळा होता. त्याने कवचकुंडले दिली ती अंगावरची, आणि त्याला हवी असलेली. माळ्यावर पडलेली जुनी जोडी इंद्राच्या गळ्यात मारून त्याने जागा मोकळी केली असती, तर महाभारतात त्याचे नाव सारथ्याच्या यादीत राहिले असते.

आता तुम्ही म्हणाल, अहो, जुने कपडे देणे हे काय पाप झाले? मुळीच नाही. पण हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने सर्वस्वाचे दान करायचा यज्ञ मांडला, आणि दक्षिणेला काढल्या त्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई. ते पाहून त्याच्या पोराला, नचिकेताला, लाज वाटली. 'मग मला कोणाला देणार?' असे त्याने दोनतीनदा विचारल्यावर वडिलांनी संतापून त्याला यमाला देऊन टाकले. आमच्या पिढीतले वडील एवढे टोकाला जात नाहीत. ते पोराला फक्त 'गप बस' म्हणतात. पण पोराचा प्रश्न रास्त होता. जे आपल्याला नकोच आहे, ते दिले तर दिले काय?

या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही भाष्यात सापडले नाही. ते दुपारी दोन वाजता आमच्या आईच्या दारात बसलेल्या बोहारणीकडे होते. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत बोचके. आई साडी पुढे टाकी. बोहारीण ती उजेडात धरी, दोन बोटांनी ताणून बघी, आणि म्हणे, "बाई, ही नाय चालनार. धरली तर फाटते." आई म्हणे, "अगं, दोनदाच नेसलेय." बोहारीण म्हणे, "मग आजून दोनदा नेसा." चार साड्या, दोन पँटी आणि पाऊण तासाची घासाघीस, एवढ्यावर एक स्टीलचे पातेले सुटे. बोहारीण आता फारशी दिसत नाही, आणि तिच्याबरोबर घरोघरचा एक कडक परीक्षक गेला.

कारण बोहारीण 'नको' म्हणू शकत होती. ती भांडे देत होती ना! ज्याला आपण फुकट देतो त्याला ही सोय नाही. तो 'नको' म्हणाला की आपण लगेच म्हणतो, "बघा, माज केवढा!" म्हणजे आपण त्याला वस्तू देतो आणि त्याचा नकार काढून घेतो. हिशेब केला तर हा सौदा बोहारणीपेक्षा आपल्यालाच स्वस्त पडतो.

हे लहानसहान नव्हे. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा देशभरातून तामिळनाडूकडे कपडे धावले, आणि त्यांतले ढीगच्या ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्यांचे घरदार वाहून गेले, त्यांनीही ते नेसले नाहीत. ते नंतर निवडून मार्गी लावण्याचे काम ज्यांनी केले त्यांत 'गूंज' होती. १९९९ साली दिल्लीत सुरू झालेल्या या संस्थेची एक पद्धत मला फार आवडते. गावकरी स्वतः ठरवून विहीर खणतात, रस्ता करतात आणि कपडे घेतात ते मोबदला म्हणून. म्हणजे बोहारणीचाच हिशेब! घेणारा याचक राहत नाही.

अन्नाचेही तेच. अमेरिकेत फीनिक्स शहरात १९६७ साली पहिली 'फूड बँक' निघाली. बँक या शब्दाने आपण दचकतो, पण इथे भरणारा एक आणि काढणारा दुसरा, आणि सही जुळत नाही म्हणून कोणी परत पाठवीत नाही. मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ साली 'रोटी बँक' काढली. उरलेले अन्न गोळा करून वाटण्याबद्दल २०१९ साली सरकारने नियमही केले. पण आपल्या लग्नात काय होते? पाहुणे हात धुऊन, विडा खाऊन, आहेर मोजून झाल्यावर रात्री साडेअकराला वधूपित्याला आठवते, "अरे, ते अन्न कुणाला तरी देऊन टाका!" तोवर कोशिंबीर आंबलेली असते. संस्थेचा नंबर आचाऱ्याच्या यादीबरोबरच आठवडाभर आधी घेऊन ठेवावा. फोन अन्न गरम असताना करावा. किती माणसांचे आहे ते सांगावे. पातेल्यातले द्यावे, पानातले नव्हे.

आणि कार्यालयांवर फार रागावूही नये. २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, आणि त्यातला साठ टक्के वाटा घरांचा होता. म्हणजे मुख्य गुन्हेगार आपला फ्रिज.

शिधा द्यायचा तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर मुख्यतः तांदूळ-गहू येतो, हे ध्यानात ठेवून डाळ, तेल, चहा-साखर द्यावी. तारीख उलटलेली शेवयांची पाकिटे नव्हेत. कपडे धुऊन, बटणे लावून द्यावेत. वह्या जूनमध्ये द्याव्यात आणि पांघरुणे थंडीच्या आधी.

आमच्या शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांना हे पटत नाही. "उपाशी माणसाला कसली आलीय आवडनिवड?" ते म्हणतात. हे ते म्हणतात तेव्हा चहात साखर एक चमचा की दीड, यावरून त्यांचे सौभाग्यवतींशी नुकतेच वाजलेले असते. भूक लागली म्हणून माणसाची जीभ गळून पडत नाही, साहेब! पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वारावर जेवत. घरच्यांसारखेच ताट कोणत्या घरी मिळते आणि वेगळे कोणत्या घरी, हे त्या पोरांना बरोबर कळे.

तेव्हा माळा जरूर आवरावा. नको असलेलेही जरूर द्यावे. वाया जाण्यापेक्षा ते कोणाच्या अंगावर गेलेले केव्हाही चांगले. फक्त त्याला आवराआवर म्हणावे, आणि पिशवीत आपल्याला हवी असलेली एखादी वस्तूही घालावी. तेवढीच दानात जमा.

आणि पिशवीला गाठ मारण्यापूर्वी मनातल्या मनात बोहारणीला दारात बसवावे. तिने कापड उजेडात धरून नाक मुरडले, तर त्याचे गपचूप पोतेरे करावे. आणि तिने माल पसंत केला, तर भांडे मागू नये. हल्ली भांड्याऐवजी घेणाऱ्याबरोबर फोटो मागतात. तोही मागू नये.