शास्त्र आणि तराजू

पवित्र शास्त्रावर आपला भरवसा आहे, हे कशावरून ओळखावे? गेल्या शतकात ठाकुर्लीच्या चोळे वीजगृहातून रेल्वेस वीज जात असे. ती कोणास दिसत नसे. आगगाडीची चाके फिरत, तेव्हा कळे. भरवशाचेही तसेच आहे. भाजीचा आजचा भाव शास्त्र सांगत नाही. परंतु नीतिसूत्रे खोट्या तराजूस मना करितात. खरे माप दिल्याने तोटा आला तर? तेथेच कसोटी आहे. लाभ होईतोवरच मानिलेले शास्त्र आपला मार्गदर्शक नव्हे, नोकर होय. १९२२ साली निवर्तलेल्या पंडिता रमाबाईंनी अखेरपर्यंत खपून शास्त्र सोप्या मराठीत आणिले, ते साध्या माणसांस समजावे म्हणून. समजले ते आता माप भरताना पाळावे.