खुराड्यातील दिवा

नाताळ जवळ आला की केकसाठी अंड्यांची मागणी वाढते आणि नेमक्या त्याच दिवसांत कोंबड्या हात आखडता घेतात. आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी घरामागे पंचवीस-तीस कोंबड्या पाळते. अंड्यांच्या पैशांवर मुलाची फी भागते. गेल्या डिसेंबरात तिने खुराड्यात दिवा लावला. मिस्सानंतर येऊन तिने विचारले, "फादर, हे पाप तर नाही ना? शेजारीण म्हणते, मी मुक्या जिवाची झोप विकते."

मी हसलो. ते हसणे अस्थानी होते, हे नंतर उमगले.

कोंबडीला प्रकाश केवळ डोळ्यांनी जाणवत नाही. तो कवटीतून झिरपून मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोहोचतो आणि संप्रेरकांच्या द्वारे अंडाशय जागे होते. आपल्याकडे डिसेंबरअखेरचा दिवस सुमारे ११ तासांचा; अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांना सर्वसाधारणपणे १४ ते १६ तास उजेड देतात. थोडक्यात, दिवा लावून आपण तिला ऋतू पालटल्याचे भासवतो.

ही फसवणूक म्हणावी काय? मला तो शब्द जड वाटतो. दिव्यामुळे कोंबडीच्या पोटातली अंडी लवकर 'संपतात', ही समजूतही चुकीची आहे. ती जन्मतःच हजारो बीजांडे घेऊन येते आणि त्यांतली बहुतेक कधीच उपयोगात येत नाहीत. खरी किंमत वेगळी आहे. प्रत्येक कवचासाठी सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागते. खाद्यातून पुरले नाही तर ते हाडांतून घेतले जाते. दिवस लहान झाला की कोंबडी पिसे झाडते, अंडी थांबवते, अंग भरून काढते. दिवा ही विश्रांती पुढे ढकलतो. आणि विश्रांती ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. निर्गमाच्या ग्रंथात सातव्या दिवसाची आज्ञा बैलाला व गाढवालाही विसावा मिळावा म्हणून दिली आहे. कोंबडीचे नाव तिथे नाही, हे खरे! परंतु युरोपीय संघाच्या १९९९ सालच्या निर्देशाने तिच्यासाठीही दिवसाचा साधारण एक तृतीयांश काळ सलग अंधार सुचवला.

पुढच्या रविवारी मी तिला सांगितले, की दिवा लावण्यात पाप नाही. मात्र तो पहाटे लावा. रात्री दिवा एकाएकी विझला की कोंबड्यांना दांडीवर चढता येत नाही, त्या खालीच चाचपडत राहतात. शिंपल्यांचा चुरा घाला. वर्षातून एकदा पिसे झडू लागली की दीड-दोन महिने दिवा बंदच ठेवा.

"आणि त्या दोन महिन्यांची फी, फादर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. रोज सकाळी तिचेच अंडे खाऊन मी तिला उपदेश करीत होतो. बाजारात स्वस्त अंडी मिळत असताना तिच्या दारी कोण जाणार, हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारायला हवा होता. त्या दोन महिन्यांच्या अंड्यांचे पैसे मी आगाऊ देऊन आलो. अंडी नंतर सवडीने द्यावीत, असे ठरले. तिने ते वहीत लिहून घेतले.