दोघांची गादी

गादी कोणती घ्यावी हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेंत येतो असें म्हटल्यास पुष्कळांस हसूं येईल. तो दुकानदाराचा, फार तर वैद्याचा प्रश्न. त्यांत धर्माधर्म कोठून आला, असें ते विचारतील. एकट्या मनुष्यास स्वतःपुरती गादी घ्यावयाची असेल तर हें म्हणणें आम्हांसही मान्य आहे. मऊ रुचेल त्यानें मऊ घ्यावी, कठीण रुचेल त्यानें कठीण घ्यावी. चुकला तर त्याचीच पाठ दुखेल. परंतु तीच गादी पतिपत्नी या दोघांसाठीं घ्यावयाची झाली कीं प्रश्नाचें स्वरूप पालटतें. घरांतील बहुतेक वस्तु वांटून घेतां येतात. भाकरीचे दोन तुकडे होतात, पैशाचे होतात, कामाचे व्हावयास पाहिजेत. गादीचा मऊपणा मात्र एकच. तो दोघांनीं एकाच वेळीं, रात्रीचे सातआठ तास, अशीं आठदहा वर्षें भोगावयाचा किंवा सोसावयाचा. ज्या सुखाची वांटणी होत नाहीं तें दोघांनीं न्यायानें कसें भोगावें, हा प्रश्न क्षुद्र नाहीं. आणि तो बहुतेक घरांत ज्या रीतीनें सुटतो, निदान सुटला असें मानलें जातें, ती रीत आम्हांस संशयास्पद वाटते.

आपल्या आजोबापणजोबांस हा प्रश्न फारसा पडला नाहीं, याचें कारण त्यांची वृत्ति अधिक थोर होती हें नव्हे. त्यांच्या काळीं गादी बहुधा माणसागणिक असे. कापसाची, हातदीड हात रुंद. रात्रीं अंथरावी, सकाळीं तिची वळकटी करून कोपऱ्यांत रचावी. वाड्यांत काय किंवा चाळींत काय, नवराबायकोस निजावयास निराळी खोली मिळणें हीच जेथें चैन, तेथें दोघांची मिळून एक गादी कोठून येणार? शिवाय त्या कापसाच्या गादीस एक गुण होता. ती दुरुस्त होई. वर्षादोन वर्षांनीं तिच्यांत गांठी झाल्या, मधोमध खड्डा पडला, कीं पिंजारी दारीं येई. त्याच्या पिंजणाच्या तांतीचा टणत्कार ज्यांनीं ऐकला आहे त्यांना तो विसरणें कठीण. जुना कापूस फुलवून, लागला तर नवा घालून, टाके मारून तो गादी परत करी. कोणाची अधिक भरावयाची, कोणाची कमी, हें त्याला अंगणांतच सांगतां येई. निवड चुकली तरी त्या चुकीचें आयुष्य एका पिंजणीपुरतें असे.

पुढें १९२९ च्या सुमारास डनलॉप कारखान्यांत रबराच्या चिकाचा फेंस करून त्याच्या गाद्या काढण्याची युक्ति निघाली. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर यानें ज्या रसायनाचा शोध लावला त्यापासून हल्लींचा स्वस्त फोम झाला. १९६६ मध्यें अमेरिकेच्या अंतराळसंस्थेसाठीं, विमानांतील आसनांकरितां, अंगाच्या उष्णतेनें हळूहळू दबणारा फोम तयार करण्यांत आला. आपल्याकडे काथ्यावर रबर चढविलेल्या गाद्याही घरोघर आल्या. या सर्वांत सोयी पुष्कळ आहेत, पण यांपैकीं एकही पिंजून घेतां येत नाहीं. जशी आणली तशी ती झिजेपर्यंत राहावयाची. म्हणून एका दुपारची निवड आतां पुढील आठदहा वर्षांवर अंमल चालविते.

दुकानांत गाद्यांवर ‘कठीण’, ‘मध्यम’, ‘मऊ’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. त्या वाचतांना एक गोष्ट ध्यानांत येत नाहीं, ती ही कीं कठीणपणा हा एकट्या गादीचा गुण नव्हे. तो गादी आणि देह यांच्या संबंधाचा गुण आहे. ऐंशी किलो वजनाचा मनुष्य जींत रुततो तीच गादी पन्नास किलोच्या मनुष्यास फळीसारखी लागते, कारण त्याच्या भारानें ती दबतच नाहीं. जो कुशीवर निजतो त्याचा भार खांदा व कंबर यांवर पडतो. तेथें गादीनें थोडें आंत जाऊं दिलें पाहिजे, नाहींतर सकाळीं खांदा अवघडतो. जो पालथा निजतो त्याची कंबर आंत गेली तर कणा वांकतो. त्याला टणक आधार पाहिजे. त्यांतून दोघांच्या वजनांत मोठें अंतर असलें कीं जड मनुष्याच्या बाजूस उतार होतो, आणि हलकें माणूस रात्रभर त्या उताराशीं झगडत राहतें. स्प्रिंगा एकमेकींस जखडलेल्या असल्या तर एकानें कूस बदलतांच दुसरा जागा होतो. एकोणिसावें शतक संपतां संपतां जेम्स मार्शल नांवाच्या एका गृहस्थानें प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या निराळ्या पिशवींत घालण्याची युक्ति काढली. एकाच छपराखालीं प्रत्येकास आपापलें हलूं द्यावें, हें तत्त्व त्यानें, कदाचित् नकळत, सुतळी आणि कापड घेऊन सिद्ध केलें.

मग दोघांसही थोडीथोडी सोसेल अशी मध्यम गादी घ्यावी, म्हणजे झालें, असें व्यवहारी मनुष्य म्हणेल. ‘सुवर्णमध्य’ हा शब्द आपल्याला इतका प्रिय आहे कीं तो उच्चारतांच वाद मिटल्यासारखा वाटतो. परंतु ज्या अरिस्टॉटलच्या नांवावर हा सुवर्णमध्य खपविला जातो त्यानेंच याविरुद्ध बजावून ठेवलें आहे. दहा मापें अन्न फार होतें आणि दोन मापें थोडें पडतें, म्हणून वस्तादानें सरसकट सहा मापें ठरवावीं असें नाहीं. मिलो या नामांकित मल्लाला तीं अपुरीं पडतील आणि नवशिक्याला जड जातील. मध्य हा आंकड्यांचा नसून ज्याचा त्याचा असतो, हें त्याचें म्हणणें. दांपत्याच्या गादीस हें लावून पाहा. दोघांच्या आवडींच्या मधोमध बसणारी गादी पुष्कळदां दोघांपैकीं कोणाचाच मध्य नसते. ती एका तिसऱ्याच, अस्तित्वांत नसलेल्या मनुष्यासाठीं केलेली असते.

आपल्या महाभारतांत हेंच अधिक थोडक्यांत आलें आहे. शरशय्येवर पडलेल्या भीष्मांचें मस्तक आधारावांचून लोंबूं लागलें, तेव्हां जमलेल्या राजांनीं मऊ आणि मौल्यवान् उशा धांवतपळत आणिल्या. भीष्मांनीं त्या नाकारल्या. अर्जुनानें तीन बाणांचा टेंका दिला, तेव्हां ते संतुष्ट झाले. उत्तम उशी कोणती, याचा विचार राजांनीं केला. या शय्येवरील या पुरुषास कोणती उशी योग्य, याचा विचार अर्जुनानें केला. वैद्यकाची साक्ष काढावी तर कठीण गादी पाठीस हितकर, हा सल्ला डॉक्टरमंडळी पुष्कळ वर्षें देत आली. २००३ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें स्पेनमधील ३१३ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या त्या लोकांपैकीं कठीण गादीवर निजणाऱ्यांपेक्षां मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांस नव्वद दिवसांनंतर अधिक आराम पडला. यावरून मध्यम गादी सर्वांसच मानवते असें विक्रेते सांगूं लागले. पण तो प्रयोग कंबरदुखीवाल्यांचा, आणि प्रत्येकाच्या कंबरेचा हिशेब त्यांत निराळा होता. दोन कंबरांची सरासरी कोणी काढली नव्हती.

येथवरचें सर्व सोपें आहे. खरी अडचण यापुढेंच. दोन देहांच्या गरजा भिन्न आहेत हें मान्य केलें, तरी त्या कळावयाच्या कशा? दुसऱ्याचा अवघडलेला खांदा आपणांस दुखत नाहीं. तो सांगितल्यावांचून कळत नाहीं, आणि आपल्या घरांतून तो सांगण्याची चाल नाहीं. दुकानदार विचारतो, “बाईसाहेब, तुम्हांला कशी पाहिजे?” उत्तर येतें, “मला कशीही चालेल. यांना विचारा.”

हें वाक्य फार गोड आहे, आणि आमच्या मतें तें बहुधा खोटें आहे. कशीही गादी कोणत्याच देहाला चालत नाहीं. बोलणारीला हें ठाऊक असतें. पण ज्या घरांत ती वाढली तेथें सर्वांचीं पानें उठल्यावर आईनें जेवावें, सर्वांचीं अंथरुणें घालून झाल्यावर उरेल त्या जागेंत तिनें अंग टाकावें, हेंच तिनें पाहिलेलें असतें. स्वतःच्या सुखाविषयीं बोलणें म्हणजे हट्ट, अशी तिची समजूत करून दिलेली असते. तेव्हां तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. दोष द्यावयाचाच तर ऐकणाराला द्यावा. एरवीं बायकोच्या प्रत्येक वाक्यांत गूढार्थ शोधणारा पति हें एकच वाक्य अगदीं शब्दशः घेतो, कारण तसें घेण्यांत त्याची सोय असते. पुरुषही या असत्यापासून अगदीं मुक्त नाहींत. “आपण काय, दगडावरही झोंपूं” असें छाती काढून सांगणारे आणि पुढें सहा महिने लंगडत चालणारे पुष्कळ आहेत.

यावर कोणी म्हणेल कीं संसार म्हणजेच एकमेकांसाठीं सोसणें. सप्तपदीच्या सातव्या पावलाला जें सख्य मागितलें जातें त्यांत असला हिशेब कसा बसतो? आम्ही उलट विचारतों, सख्याशीं मनुष्य खोटें कां बोलतो? त्याग हा मोठा गुण आहे यांत वाद नाहीं. पण आपल्यासाठीं काय सोडलें जात आहे हें ज्याला कळत नाहीं, त्याला तें घ्यावें कीं नाकारावें हें ठरवितांच येत नाहीं. “मला कशीही चालेल” या शब्दांनीं त्याग करणारी व्यक्ति स्वतःचें सुख तर सोडतेच. पण त्याबरोबर दुसऱ्याच्या हातून न्यायानें वागण्याची संधीही काढून घेते. तो बिचारा आपण न्यायी आहों अशा समजुतींत गाढ झोंपतो. आणि असा मुका त्याग नाहींसा होत नाहीं, तो सांठतो. घेणेकऱ्याला आंकडा तोंडपाठ, देणेकऱ्याला कर्जाचा पत्ता नाहीं, अशी ती खातेवही. मग केव्हां तरी, भाचीच्या लग्नाच्या आहेरावरून वाद निघाला असतां, सातआठ वर्षांपूर्वींची गादी एकाएकीं बाहेर येते, आणि पति आश्चर्यानें पाहत राहतो. त्याचें आश्चर्य खरें असतें, हीच त्यांतील दुःखाची गोष्ट.

अर्थात् खरें बोलावें म्हणजे प्रत्येक आवडीसाठीं भांडावें असें नव्हे. आवड आणि वेदना यांत फरक केलाच पाहिजे. एकाला मऊ गादी बरी वाटते आणि दुसऱ्याची पाठ तिनें दुखते, तर तेथें तराजू धरण्याचें कारण नाहीं. पाठ जिंकली पाहिजे. दोन्हीकडे नुसती आवडच असेल तर ज्याची झोंप अधिक मोडते, मग ती लहान मुलासाठीं मोडो, म्हाताऱ्या सासूसाठीं मोडो, त्याच्या आवडीस झुकतें माप द्यावें असें आम्हांस वाटतें. दोन्हीकडे वेदना असेल आणि त्या परस्परविरुद्ध असतील, तर मात्र कोणतीही एक गादी न्याय्य नाहीं, आणि दोन घ्याव्यात हें सरळ आहे.

येथें आपले लोक दचकतात. दोन गाद्या म्हटलें कीं त्यांना दुरावा दिसूं लागतो. मोलकरीण काय म्हणेल, सासरचे काय म्हणतील, येथपर्यंत विचार जातो. मराठ्यांच्या इतिहासांत साताऱ्याची आणि कोल्हापूरची अशा दोन गाद्या झाल्या आणि १७३१ सालीं वारणेच्या तहानें मध्यें नदीची सरहद्द घालावी लागली, हें आम्हांस मान्य आहे. पण तो तह झाल्यावर भाऊबंदकीची धार बोथट झाली, हेंही विसरूं नये. जर्मनींत एकाच पलंगावर दोन निरनिराळ्या गाद्या शेजारीं शेजारीं घालण्याची चालच आहे. मधल्या फटीला तिकडे थट्टेनें पाहुण्याची फट म्हणतात. तेथें संसार मोडले ते त्या फटींतून पडून मोडले असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. श्रावण वद्य द्वितीयेस आरंभ होणारें अशून्यशयन नांवाचें एक जुनें व्रत आपल्याकडे आहे. आपली शय्या जोडीदारावांचून सुनी होऊं नये, एवढीच त्यांतली मागणी. त्या शय्येवर गाद्या किती असाव्यात याबद्दल व्रतकर्त्यांनीं मौन पाळलें आहे.

पाहुण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतों. शेक्सपिअरनें १६१६ च्या आपल्या मृत्युपत्रांत बायकोला ‘दुसऱ्या प्रतीचा’ पलंग ठेवला, यावरून पंडितांनीं बराच काथ्याकूट केला आहे. कांहींचें म्हणणें असें कीं घरांतील पहिल्या प्रतीचा पलंग त्या काळीं पाहुण्यांसाठीं राखलेला असे, आणि दुसऱ्या प्रतीचा तोच नवराबायकोचा. हा अर्थ मराठी वाचकास चट्‌कन पटेल. चांगली रजई, नवी चादर, फुगलेली उशी हीं सर्व आपणही जांवई येईल तेव्हांसाठीं पेटींत घालून ठेवतों. दिवाणखान्यांतील कोचावर खर्च करतांना हात आखडत नाहीं, कारण तो चार लोक पाहतात. निजण्याची गादी कोणी पाहत नाहीं, म्हणून तेथें काटकसर सुचते.

राहतां राहिला तो दुकानांतील व्यवहार. तेथें लोक गादी तळहातानें दाबून पाहतात. तळहातानें गादीची परीक्षा करणें म्हणजे कोपरानें आमटीची चव पाहण्यासारखें आहे. दहापंधरा मिनिटें, नेहमींच्या कुशीवर, दोघांनीं एकदमच निजून पाहिलें पाहिजे. एकट्यानें निजून दुसऱ्याच्या वजनाचा उतार कळत नाहीं. रुंदी मोजावी. पांच फुटी गादींत प्रत्येकाच्या वांट्यास तीसच इंच येतात, म्हणजे एकट्याच्या साध्या तीन फुटी खाटेपेक्षांही अर्धा फूट कमी. खोलींत मावत असेल तर सहा फुटी घ्यावी. भर दुकानांत, परक्या लोकांदेखत, नवऱ्याशेजारीं आडवें होण्याचा संकोच अनेक स्त्रियांस वाटतो आणि तो समजण्यासारखा आहे. कित्येक कारखानदार हल्लीं गादी घरीं पाठवून शंभर रात्री वापरून पाहण्याची मुभा देतात. ज्यांना संकोच वाटतो त्यांनीं ती घ्यावी. मात्र पहिल्या आठवड्यांत एकदां विचारून गप्प बसूं नये. नव्या गादीशीं देहाची ओळख होण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि “कशी काय वाटते?” या पहिल्या प्रश्नाला “ठीक आहे” हेंच उत्तर येणार. दुसऱ्यांदा विचारावें, सकाळीं, चहाच्या आधीं, ती उठून बसतांना हात कंबरेवर ठेवते कीं काय हें पाहून.