तबकडीच्या खाली

रेकॉर्ड ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष तबकडीच्या वरच्या अंगाला असतं. सुई कोणती, कार्ट्रिज कोणतं, ओरखडे किती, धूळ किती. खाली, फिरत्या प्लॅटरवर, दोन-तीन मिलिमीटर जाडीची एक मॅट असते. ती यंत्राबरोबर येते आणि वर्षानुवर्षं तिथंच राहते. तिचा आवाजाशी काही संबंध असेल असं फारसं कुणाच्या मनात येत नाही. ज्याच्या मनात येतं त्याची अडचण वेगळी. रबर, फेल्ट, कॉर्क, चामडं, अ‍ॅक्रिलिक, ग्रॅफाइट, अगदी तांबंसुद्धा, आणि प्रत्येकाचे गुण सांगणारी माणसं! एकीनं म्हणे खर्ज भरदार होतो, दुसरीनं वरचे सूर मोकळे होतात. ऐकावं कुणाचं?

मला वाटतं, एक गोष्ट आधी मनाशी नीट ठरवावी. मॅट आवाजात भर घालू शकत नाही. गाणं खाचेत कोरलेलं आहे, जेवढं आहे तेवढंच आहे. मॅटच्या हाती एवढंच, की जे खाचेत नाही ते सुईपर्यंत पोचू द्यायचं नाही.

हे न कोरलेलं येतं कुठून, ते पाहण्यासारखं आहे. सुई खाचेतून जाताना खाच सुईला हलवते, तशी सुईही खाचेला ढकलते. सुईवरचा भार जेमतेम दीड-दोन ग्रॅमचा, पण तिचं टोक इतकं बारीक की टोकाखालच्या विनाइलवर पडणारा दाब प्रचंड असतो. त्या ढकलण्यानं तबकडीच्या अंगात सूक्ष्म कंप उठतात आणि खाली झिरपतात. विनाइल संपलं की पुढे काय लागतं, यावर त्यांचं भवितव्य ठरतं. विनाइलशी मिळताजुळता पदार्थ लागला तर बरेचसे कंप त्यात उतरून जातात. फार मऊ किंवा फार कठीण काही लागलं तर त्यांतला काही भाग उलटून पुन्हा वर येतो. सुईला खाचेतला कंप आणि परतून आलेला कंप यांतला भेद कळत नाही. ती दोन्ही वाचते. शिवाय खालून येणारे कंप आहेतच. मोटरची घरघर, बेअरिंगची खरखर, आणि धातूचा प्लॅटर असेल तर त्याचा स्वतःचा नाद. रिकाम्या धातूच्या प्लॅटरच्या कडेला बोटानं हलकी टिचकी मारून पाहा, तो काय म्हणतो ते लगेच कळेल.

म्हणून ‘सर्वांत चांगली मॅट कोणती’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कशावर अंथरायची, ते आधी सांगायला हवं. विचार करून यंत्रं बनवणाऱ्यांनीही यात एकच उत्तर दिलेलं नाही. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मालिकेत अ‍ॅल्युमिनियमचा प्लॅटर आहे आणि त्यावर जाड रबर, कारण वाजू पाहणाऱ्या धातूला गप्प करायचं आहे. इंग्लंडच्या रेगा कंपनीनं काचेचा प्लॅटर घेतला आणि त्यावर फेल्टचा पातळ तुकडा ठेवला. ग्लासगोच्या लिननं एलपी-१२साठी जड धातूचा प्लॅटर घेतला, तरी वर फेल्टच ठेवलं. तिघांचे चाहते आयुष्यभर त्याच यंत्रांवर समाधानानं ऐकत आले आहेत. एकाची मॅट उचलून दुसऱ्याच्या प्लॅटरवर टाकली तर ती तसंच काम करील, याची खात्री मात्र नाही.

फेल्टचा एक अगदी उलटा उपयोगही झाला आहे. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशला प्लॅटर फिरत असताना तबकडी हातानं थांबवायची होती, मागे न्यायची होती. रबर तिला धरून ठेवत होतं. त्यानं फेल्ट घेतलं आणि स्टार्च फवारून ते कडक, गुळगुळीत केलं. तबकडी घसरू लागली आणि त्या घसरण्यातून संगीताची एक नवी रीत उभी राहिली. त्याला जे हवं होतं तेच मला नको आहे. विलंबित ख्यालाची आलापी चालू असताना तबकडी केसभरही घसरता कामा नये.

दोन वस्तू जिथं टेकतात तिथं आवाज ठरतो, हे आपल्याकडे तंबोऱ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. घोडीवर तारेखाली सुताचा एवढासा धागा सरकवायचा, किंचित पुढे, किंचित मागे, आणि एका जागी तारेचा गुंजारव, म्हणजे जवारी, खुलतो. मिरजेतल्या कारागिरांच्या पिढ्या त्या घोडीच्या पृष्ठभागावर हात फिरवत आल्या. पण तंबोरा आणि टर्नटेबल यांची गल्लत करू नये. तंबोरा हे वाद्य आहे. त्यातल्या धाग्यानं आवाज घडवायचाच असतो. टर्नटेबलनं मात्र स्वतःचा आवाज काढू नये, हीच त्याची थोरवी. बोथट वाटणाऱ्या यंत्राला जरा धार यावी म्हणून कुणी मुद्दाम कठीण मॅट घालतात. मला ते पटत नाही. ती धार मग मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आवाजावरही चढते आणि मागच्या सारंगीवरही. दोघांना एकाच रंगात बुडवण्याचा अधिकार मॅटला कुणी दिला?

आता एक अशी गोष्ट, जी मॅट बदलणारे सर्रास विसरतात. मॅटची जाडी बदलली की तबकडीची उंची बदलते आणि सुई खाचेत ज्या कोनात बसते तो कोन बदलतो. सुई धरणारा नेहमीचा आर्म साधारण २३ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे जाडीतल्या एका मिलिमीटरनं पाव अंशाचा फरक पडतो. एक मिलिमीटरचं फेल्ट काढून पाच मिलिमीटरचं रबर घातलं तर सरळ एक अंश. सुईवरचा भारही थोडा हलू शकतो. तेव्हा ‘रबरानं आवाज बदलला’ असं म्हणताना तो रबरानं बदलला की आर्म कलल्यानं, हे सांगता येत नाही. एसएल-१२००च्या आर्मची उंची फिरवून जुळवता येते, तिथं प्रत्येक मॅटसाठी ती पुन्हा जुळवावी आणि भारही मोजावा. अनेक साध्या यंत्रांत ही सोय नसते. अशा यंत्रावर मूळ मॅटच्याच जाडीची मॅट शोधणं शहाणपणाचं. पदार्थाची निवड त्यानंतर.

तबकडीचा आकारही लक्षात घ्यावा. पुष्कळ एलपींचा लेबलाचा भाग आणि बाहेरची कड खाचांच्या पट्ट्यापेक्षा किंचित जाड असते. सपाट, कठीण मॅटवर अशी तबकडी फक्त मध्यभागी आणि कडेला टेकते. जिथं सुई चालते तिथं खाली हवा राहते आणि कंप शोषायला कुणीच नसतं. म्हणून लेबलाच्या जागी गोल खोलगट भाग असलेली मॅट मी अधिक पसंत करतो.

हवामानाचं तर कुणी बोलतच नाही. कोरड्या थंडीत, पुण्यात किंवा नागपुरात, फेल्टवर स्टॅटिक जमतं. तबकडी उचलावी तर फेल्ट तिला चिकटून वर येतं आणि ओढून आणलेली धूळ खाचांत चरचरते. तिथं कॉर्क बरं. पण तेच कॉर्क किंवा चामडं मुंबईच्या आणि कोकणच्या पावसात ओल धरतं, आणि बुरशीला तेवढं पुरतं. तिथं रबर निर्धोक आहे. फक्त रबर वर्षांनी कडक होतं, तेव्हा जुन्या यंत्रातली मूळ मॅट अंगठ्यानं दाबून पाहावी. ती दबतच नसेल तर तिचं काम कधीच संपलेलं आहे.

निवड शेवटी कानानंच करायची, पण कानाला फसायचीही सवय आहे. नवी वस्तू आणली की फरक ऐकू यावा अशी इच्छा असते आणि ती इच्छाच ऐकू येते. घरातल्या कुणाला तरी मॅट बदलायला सांगावं आणि आपण पाठ करून बसावं. त्याआधी आणखी एक परीक्षा: मोटर बंद, सुई थांबलेल्या तबकडीवर टेकलेली, आवाज अगदी कमी. प्लॅटरखालच्या लाकडी बैठकीवर बोटानं ठक्‌ करावं. स्पीकरमधून येणारा तो ठोका किती लवकर विरतो, ते प्रत्येक मॅटवर वेगळं असतं आणि त्यात मनाच्या खेळाला जागा कमी.

मग गाणं लावावं, पण दणदणीत नव्हे. मी किशोरी आमोणकरांच्या जौनपुरीची एलपी लावतो आणि त्यांच्या आवाजामागचा दबलेला तंबोरा ऐकतो. सूर लागत असताना तो ऐकू येतोच. खरी परीक्षा त्या श्वास घेतात तिथं. त्या फटीत तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या उमटतात की एक गढूळ गुंजन राहतं, यावर मी मॅट ठरवतो. मॅट योग्य असेल तर आवाज ‘वाढल्या’सारखा मुळीच वाटत नाही. उलट थोडा कमीच वाटतो, कारण नको ते निघून गेलेलं असतं. सवय नसलेल्या कानाला हे सुरुवातीला नुकसानही वाटेल. काही दिवस द्यावेत.

कधी उत्तर असंही येतं, की मॅटच नको. अ‍ॅक्रिलिक आणि विनाइल यांचा स्वभाव जवळचा, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच्या जाड प्लॅटरवर तबकडी थेट ठेवली की मागचा तंबोरा पुष्कळदा सर्वांत स्वच्छ येतो. अशा यंत्रावर मॅट काढून बाजूला ठेवावी. फक्त दरवेळी तबकडी ठेवण्याआधी प्लॅटर मऊ फडक्यानं पुसावा, कारण त्याच्यावरचा प्रत्येक कण आता सरळ खाचांच्या दुसऱ्या बाजूला रुतणार आहे.