अंथरूण आणि कुऱ्हाड



‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिव्य कुरआनने उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे (17:27). तेव्हा या म्हणीशी इस्लामचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु एक प्रश्न उरतोच. अंथरूणच तोकडे असेल, तर माणसाने आयुष्यभर पाय आखडून निजावे काय?

हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस ‘सुनन अबू दाऊद’मध्ये आहे. एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे मदत मागण्यास आले. त्यांच्या घरात दोनच वस्तू होत्या: एक जाड कापड, ज्याचा काही भाग अंगावर घेत व काही भाग अंथरत; आणि पाणी पिण्याचा एक वाडगा. प्रेषितांनी (स.) त्या मागवून लिलाव पुकारला. एक दिरहमची बोली लागली. अधिक कोण देतो, असे विचारल्यावर दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी पोचविण्यास सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, तिला स्वहस्ते दांडा बसविला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकण्यास पाठविले. ते परतले, तेव्हा त्यांच्यापाशी दहा दिरहम होते.

या प्रसंगातील क्रम ध्यानात घ्या. आधी मुलाबाळांचे पोट. काटकसरीच्या नावाखाली घरच्यांना उपाशी ठेवणे हा दीन नव्हे. त्यानंतर कष्टाचे साधन. आणि त्यासाठी विकले काय, तर अंथरूणच!

आपले वर्तन नेमके उलट असते. वलीम्याच्या थाटासाठी व्याजाने कर्ज काढताना आपला हात कचरत नाही. मात्र मुलाने धंद्यासाठी शिलाई मशीन मागितली, की आपल्याला अंथरुणाची म्हण आठवते. म्हण खरी आहे. आपण ती चुकीच्या ठिकाणी वापरतो.

ज्यांना अल्लाहने संपन्नता दिली आहे, त्यांनी त्या दांड्याचाही विचार करावा. जकात देताना गरजवंताला महिन्याच्या शिध्यासोबत रोजगाराचे साधन लाभेल, असे पाहावे. पुढील वर्षी त्याला मागावे लागणार नाही.

आज इशाच्या नमाजनंतर कुटुंबीयांसह बसा आणि स्वतःला विचारा: आपल्या घरात नुसती पडून असलेली वस्तू कोणती, आणि तिची कुऱ्हाड होऊ शकेल काय?

अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो. आमीन.