पळतं पाणी

शुक्रवारी रात्री स्वारगेटला सावंतवाडीच्या एसटीत चढल्या चढल्या रूमवरच्या तिघांनी खिडक्या धरल्या. चौथ्याला मागची सीट मिळाली. हा माण तालुक्यातला पोरगा. आंबोली बघायची खरी हौस त्याचीच होती. त्याच्या गावात वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आंबोलीत ७,००० च्या घरात. निघताना आईचा फोन आला होता. "मोबाइलवर दाव मला. एवढं पाणी दिसतं तरी कसं, बघू दे."

कोल्हापूर झोपेतच गेलं. आजऱ्याला उजाडलं, तेव्हा एक मावशी शेजारी येऊन बसल्या. मांडीवर तांदळाची पिशवी होती. घनसाळच तो, बंद पिशवीतूनही त्याचा वास येत होता.

"कुठं रे बाळा?"

"आंबोलीला. धबधबे बघायला."

"बघ की. माझं माहेर हिकडं, सासर घाटाखाली. आता मे महिन्यात ये एकदा. आमच्या वाडीतली विहीर तळाला जाती. वाटीवाटीनं घागर भरायची, तवर मागं रांग."

"एवढा पाऊस पडून?"

"पडतोय रे. थांबतोय कुठं? तू बघायला निघालास ते समदं पळतं पाणी."

तो हसला आणि आंबोलीला उतरून गेला.

घाटातला मोठा धबधबा बघताना मात्र त्याला बोलायला सुचेना. कातळावरून पांढरं पाणी कोसळत होतं, शेजारच्यानं मारलेली हाक ऐकू येत नव्हती. मित्र भिजायला पुढे गेले. हा कठड्याशी उभा राहून मनात हिशेब करू लागला, की उन्हाळ्यात गावात येणारा टँकर इथं किती वेळात भरेल. दोन मिनिटं? तेवढीही लागणार नाहीत. त्याच्या पायाखालून गटारातून सुटलेला ओहोळ रस्ता ओलांडून दरीत उडी घेत होता. संध्याकाळपर्यंत हे पाणी कोकणात उतरेल आणि पुढे समुद्राला मिळेल. त्याला एकदम घागर आणि वाटी आठवली.

दुपारी ते हिरण्यकेशीला गेले. तिथं गर्जना नाही की तुषार नाहीत. देवळामागच्या गुहेतून, खडकाच्या पोटातून, पाणी हळूच बाहेर येतं. मित्रांनी दोन फोटो काढले आणि "इथं काही नाही रे" म्हणत ते भज्यांच्या वासामागे गेले. हा पायरीवर बसून राहिला. हीच पुढे हिरण्यकेशी नदी होते, घाटावरून पूर्वेला वाहते, घटप्रभेला आणि तिच्यासोबत कृष्णेला मिळते. गावाकडची माणगंगाही भीमेतून शेवटी कृष्णेलाच जाते, हे त्याला शाळेपासून पाठ होतं. त्यानं पाण्यात हात घातला. पाणी गार होतं, नितळ होतं. डोंगरानं ते कधी पोटात घेतलं असेल आणि किती दिवसांनी सोडलं असेल?

२०१८ च्या उन्हाळ्यात पाणी अडवण्या-मुरवण्याच्या वॉटर कप स्पर्धेसाठी त्याचा सगळा गाव डोंगरावर चर खणत होता. तालुक्यातल्या टाकेवाडीनं त्या वर्षी राज्यात पहिला नंबर काढला. त्याच्या गावाला बक्षीस मिळालं नाही, पण दोन उन्हाळे विहिरीला पाणी राहिलं. पुढं चरांत गाळ साचला. आई दर सुट्टीला म्हणायची, "वरचे दोन-चार चर तरी उपसू या." आणि हा म्हणायचा, "एकट्यानं करून काय होणार आहे?"

पुढच्या शनिवारी त्यानं पुन्हा स्वारगेट गाठलं, पण या खेपेला दहिवडीची गाडी धरली. आईनं चुलीपुढं बसून धबधब्याचा व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा लावायला सांगून पाहिला.

"हे समदं वाहूनच जातंय?"

"हो."

त्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

सकाळी तो कुदळ, फावडं आणि घमेलं घेऊन डोंगरावर गेला. परतीचा पाऊस अजून लांब होता. पहिल्या चरातला गाळ वाळून दगडासारखा झाला होता, आणि अर्ध्या तासातच तळहाताला फोड आले. वीतभर खणल्यावर माती काळसर लागली. त्यानं चिमूटभर उचलून बोटांत चोळली. ओल होती.

खालून आई वर येत होती, डोक्यावर दुसरं घमेलं घेऊन.