शिक्क्याकडून वागण्याकडे

‘मी तर पक्का रेड आहे,’ असं मीटिंगमध्ये कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं. स्वभावशैलींना रंगांची नावं देणाऱ्या ट्रेनिंगमध्ये तो दिवसभर रमलेला असतो, टाळ्याही वाजवून आलेला असतो. पण तिथून येताना त्याने आपल्या फटकळपणाला एक नाव तेवढं आणलेलं असतं. सत्र रंगलं, वागणं मात्र जागच्या जागी राहिलं.

हे रंग ज्या ‘डिस्क’ पद्धतीत भेटतात तिचं मूळ मानसशास्त्रज्ञ विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ सालच्या पुस्तकात आहे. त्यांनी चाचणी तयार केली नव्हती; ती नंतर इतरांनी केली. मार्स्टन यांना वेगळंच शोधायचं होतं. समोरची परिस्थिती अनुकूल वाटते की प्रतिकूल, तिच्यापुढे आपण स्वतःला बळकट समजतो की दुबळे, आणि त्यातून आपला प्रतिसाद कसा घडतो? म्हणजे साहेबांसमोर गप्प बसणारा माणूस हाताखालच्यांवर डाफरतो, याला त्या विचारात जागा होती. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनीही १९२१ मध्ये मनोवृत्तींचे प्रकार मांडले, पण माणसांची अशी वर्गवारी करत बसणं त्यांना पोरखेळ वाटे. पुढे प्रश्नावल्या आल्या, छापील अहवाल आले आणि परिस्थितीचा प्रश्न मागे पडला.

अहवाल वाचून लोक खूश होतात, यावर प्रशिक्षकाने फार विसंबू नये. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं व्यक्तिचित्र’ म्हणून एकच मजकूर दिला. त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. तरी विद्यार्थ्यांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. ‘अगदी माझंच वर्णन!’ हा उद्गार आनंदाचा आहे, शिकल्याचा पुरावा नव्हे.

शिक्क्याकडून वागण्याकडे नेणारं खरं वळण मला १९४६ च्या उन्हाळ्यात दिसतं. अमेरिकेत कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटन इथे मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांची कार्यशाळा चालू होती. दिवसभर गटांच्या चर्चा होत आणि रात्री संशोधक आपल्या नोंदी ताडून पाहत. एका रात्री काही सहभागी लोकांनी तिथे बसायची परवानगी मागितली. बाकीचे संशोधक कचरले, लेविन यांनी मात्र बसू दिलं. आपल्या वागण्याची नोंद ऐकून एक बाई म्हणाल्या, तसं काही घडलंच नाही. वाद पेटला. दुसऱ्या रात्री जवळजवळ सगळेच हजर! स्वतःच्या वागण्याबद्दल दुसऱ्याने काय पाहिलं हे ऐकायला, आणि त्याच्याशी भांडायला, माणसं झोप सोडून येतात. १९४७ च्या सुरुवातीला लेविन गेले. त्याच वर्षी मेन राज्यात बेथेलला या पद्धतीची शिबिरं सुरू झाली. आपल्याकडे उदय पारीक यांच्यासारख्यांनी हा धागा पुढे नेला. १९७५ च्या सुमारास त्यांनी आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची व्यवस्था आखली, तिच्यातही साहेब आणि सहकारी यांच्यातल्या संवादाला मोठं स्थान होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की सत्र रंगवायला खेळांची मोठी पोतडी लागत नाही. पडद्यावर एक निरोप दाखवावा: ‘रिपोर्ट आजच हवा.’ तो वाचून पहिलं काय मनात आलं, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहावं. कोणी लिहितं, ‘माझ्यावर विश्वास नाही.’ शेजारचा लिहितो, ‘बरं झालं, पाल्हाळ नाही.’ चिठ्ठ्या वाचल्या की असे त्रोटक निरोप रोज पाठवणारी व्यक्ती खुर्चीत सावरून बसते आणि विचारते, ‘मग मी लिहायचं कसं?’ इथे खोली जागी होते. शैलींचा तक्ता आता काढावा, आधी नाही. मग तोच निरोप दोघादोघांनी पुन्हा लिहावा आणि ज्याला पाठवायचा त्यानेच सांगावं, कुठे खटकलं.

अर्थात साहेब समोर असताना माणसं जपूनच बोलतात. ती भीती खोटी नसते. सत्राचा निकाल अप्रेझलच्या फायलीत जाणार असेल तर कितीही कुशल प्रशिक्षक आणा, चिठ्ठ्यांवर गुळमुळीत वाक्यंच येतील. तो तिथे जाणार नाही, हे एचआरने बॅच सुरू होण्याआधी लेखी द्यायला हवं, आणि प्रशिक्षकाने ते मागून घ्यायला हवं.